दाढ भरून झाली, आता चहाचं बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल बाहेर पेशंट ताटकळत होते, त्यामुळे तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे लिहितोय. दाढेतलं भोक मी बुजवलं, पण ते ज्या सवयीने पडलं ती सवय अजून तुझ्याकडेच आहे. ती सुटली नाही तर शेजारच्या दाढेचाही नंबर लागेल.

तू म्हणालास, 'काका, मी गोड फारसं खातच नाही.' मिठाई खात नसशील, मान्य. पण सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसतोस तेव्हापासून रात्री खोलीवर येईपर्यंत किती वेळा चहा होतो, एक दिवस मोजून बघ. मित्र आला की अर्धा कप, डोळ्यांवर झापड आली की अर्धा कप, सोबत बिस्किटाचा पुडा. आणि एकेक कप गप्पा मारत, घोट घोट घेत अर्धा तास चालतो.

दातांवर जो चिकट थर बसतो त्यातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. गोड घोट घेतल्यावर काही मिनिटांतच त्या थराचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचातले, क्षार विरघळायला लागतात. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झिजलेल्या जागी थोडे थोडे क्षार परत बसवते. याला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात तुझा पुढचा कप आला की लाळेची सगळी मेहनत वाया. म्हणून मी पेशंटला आधी विचारतो, दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं? किती जातं, हे त्यानंतर. जेवणात तूप लावून एक शेंगदाणा-गुळाची शेंगापोळी खाल्लीस तर तिची मला फारशी काळजी नाही. तेवढीच साखर दिवसभर थोडी थोडी तोंडात जात राहिली, तर मात्र दातांना सावरायला वेळच मिळत नाही.

बिस्किटाबद्दल तर मला जास्तच सांगायचंय. काल तुझ्या दाढेच्या खाचेतून मी सळईने पांढरट लगदा काढला, तो बिस्किटाचाच होता. मैदा आणि साखर एकत्र, वर चिकट. तासन् तास तिथेच बसून राहतं. चुळीनेही सहज निघत नाही. त्यापेक्षा खिशात भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे ठेव. सोलापुरात राहून शेंगांना तोटा नाही. चावून खाल्लं की लाळ सुटते, आणि दाताला लाळेएवढं राखणारं दुसरं काही नाही. दुपारच्या डब्यात भाकरी असेल तर उत्तमच.

चहा सोड असं मी म्हणणार नाही, अभ्यासाच्या दिवसांत ते जमणारही नाही. दोन वेळा ठरव, शक्यतो नाष्ट्याबरोबर आणि संध्याकाळच्या खाण्याबरोबर. पाच-दहा मिनिटांत कप संपव आणि वर साध्या पाण्याने चूळ भर. मधला एखादा हवाच असेल तर बिनसाखरेचा. सध्या जागोजागी गुळाचा चहा मिळतो आणि तो चांगला म्हणून लोक निर्धास्त पितात. जंतूंना गूळ, मध, साखर सगळं सारखंच.

उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर गेला की तुम्ही मुलं कोल्ड्रिंकच्या बाटल्या घेऊन बसता. २५० मिलीच्या कोल्यात साधारण २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर जास्त चांगलं. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा कोटा संपला. शिवाय ते पेय मुळातच आंबट, त्यामुळे 'शुगर फ्री' घेतलं तरी इनॅमल झिजतंच. लिंबू सरबतही आंबटच, ते चघळत बसू नकोस आणि प्यायल्यावर अर्धा तास तरी ब्रश करू नकोस. तहान माठातल्या पाण्यावर भागव, नाहीतर मीठ घातलेलं ताक घे.

संक्रांतीचा तिळगूळ आणि आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतलं खाणं मात्र खुशाल खा. सणाच्या दिवसाने दात किडत नाहीत, रोजच्या सवयीने किडतात.

रात्रीचं एक सांभाळ. झोपेत लाळ फार कमी होते. फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश केलास, फेस थुंकलास, की सकाळपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही नको. जागरण करताना घेतलेलं दूध-साखर किंवा तो शेवटचा चहा सगळ्यात जास्त नडतो.

तुझ्या वरच्या पुढच्या दोन दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग आहेत, आरशात उजेडात बघ. ती किडीची सुरुवात आहे, पण अजून भोक पडलेलं नाही. या टप्प्यावर खाणंपिणं सुधारलं आणि फ्लोराइड मिळालं तर कीड तिथेच थांबते, इनॅमल पुन्हा घट्ट होऊ शकतं. दोन महिन्यांनी ते डाग मला येऊन दाखव. आणि तोपर्यंत रोज काय आणि किती वाजता तोंडात गेलं, ते वहीत लिहीत जा. येताना वही घेऊन ये.

तुझे,
डॉक्टरकाका