डार्क सोल्सच्या तीन भागांचा क्रम: दुसरा भाग दुसऱ्याच नंबरावर का?

प्रश्न असा आहे: डार्क सोल्स या व्हिडिओ गेम मालिकेचे तिन्ही भाग सरस-निरस कसे लावाल, आणि पहिला संपवून दुसरा गाळला व थेट तिसऱ्यावर गेलं तर काही बिघडतं का?

माझा क्रम पहिला, दुसरा, तिसरा असा आहे. दुसऱ्या भागाला बहुतेक जण तळाला टाकतात, त्यामुळे कारणं सविस्तर देतो. आणि दुसरा गाळू नका, हे आत्ताच सांगून ठेवतो. डीमन्स सोल्स, ब्लडबोर्न, एल्डन रिंग ही फ्रॉमसॉफ्टवेअर या त्याच कंपनीची भावंडं असली तरी इथे धरलेली नाहीत.

कसोटी कोणती लावता यावर सगळं अवलंबून आहे. निव्वळ लढती पाहायच्या तर तिसरा भाग पहिला येतो, त्यात वाद नाही. मी मात्र एकच गोष्ट पाहतो: पुढे कुठे जायचं हे मी ठरवतो की गेम ठरवतो? या मालिकेत आपण सतत मरतो. ते मरणं सुसह्य होतं, कारण एका ठिकाणी अडलो की पाठ फिरवून दुसरीकडे जाता येतं, तिथून नवं शस्त्र किंवा चार लेव्हल कमावून परतता येतं. दुसरी वाटच नसेल, तर त्याच दारावर पुन्हा पुन्हा धडका मारणं उरतं.

या कसोटीवर २०११ चा पहिला भाग आजही अजोड आहे. फायरलिंक श्राइन या मुख्य तळावर उतरल्यावर तीन वाटा उघड्या असतात. वर अनडेड बर्ग, खाली न्यू लोंडोची बुडालेली नगरी, बाजूला स्मशानातून कॅटाकोम्ब्स. कुठेही मनाईची पाटी नाही. कॅटाकोम्ब्समध्ये गेलात की पाडलेले सांगाडे पुन्हा उठून उभे राहतात आणि तुमचं तुम्हालाच कळतं की इथे यायची वेळ अजून झालेली नाही. पण हट्टाने जायचं ठरवलंत तर जाता येतं. सुरुवातीच्या भेटवस्तूंमधून मास्टर की घेतली असेल, तर न्यू लोंडोमधलं एक कुलूप उघडून व्हॅली ऑफ ड्रेक्समार्गे थेट ब्लाइटटाउनच्या तळाशी पोचता येतं. बर्ग, डेप्थ्स, ब्लाइटटाउनचे ते डुगडुगणारे लाकडी मजले, सगळं टळतं. ही वाट पॅचने बुजवावी असा बग नाही, नकाशाच तसा बांधलेला आहे.

शिवाय हा नकाशा उभा आहे. अनडेड पॅरिशच्या चर्चमधली लिफ्ट खाली येते ती थेट फायरलिंकला. तोवर आपण खूप लांब आलोय असं वाटत असतं, प्रत्यक्षात आपण फक्त वर चढलेलो असतो. टूम ऑफ द जायंट्सच्या कड्यावरून दूरवर डीमन रुइन्सचा लाव्हा दिसतो, आणि तो देखावा पडद्यावर रंगवलेला नसून ती जागा खरोखर तिथेच आहे. लॉर्डव्हेसल ही वस्तू मिळेपर्यंत वॉर्प, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे क्षणात जाण्याची सोय, नाही, त्यामुळे खाली गेलेल्याला परतही चालतच यावं लागतं. ॲश लेकला पोचल्यावर वर बघून पोटात गोळा येतो तो याच कारणाने. वाटा पाठ होतात. मला आजही पहिल्या भागाच्या लॉर्ड्रन या जगात कुठूनही कुठेही कसं जायचं ते सांगता येईल, तिसऱ्या भागातल्या लोथ्रिकबद्दल तसं म्हणता येणार नाही.

दोष आहेतच, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ॲनॉर लोंडो हे देवांचं शहर संपलं की गेम उतरणीला लागतो. वॉर्प आला की विणलेला नकाशा उसवतो. लॉस्ट इझालिथ तर अर्धवट सोडल्यासारखं आहे: लाव्हावर एकाच छापाचे राक्षस पेरलेले, आणि शेवटी बेड ऑफ केऑस हा बॉस (इलाख्याच्या शेवटचा मोठा शत्रू), जिथे लढाई जवळजवळ नाहीच, पायाखालची जमीन खचते आणि आपण पडतो. तिथे मेलात तरी तोडलेली मुळं तुटलेलीच राहतात, एवढीच काय ती दया. तरीही पहिल्या अर्ध्याच्या जोरावर हा भाग वरच राहतो.

आता दुसरा. २०१४ चा, दिग्दर्शक तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा. पहिल्या भागाचे दिग्दर्शक मियाझाकी त्या काळात ब्लडबोर्नमध्ये गुंतलेले होते. लोकांचा राग मला समजतो. रोल, म्हणजे कोलांटी, मारताना वार चुकवण्याचा अवधी ॲडॅप्टॅबिलिटी नावाच्या स्टॅटमागे दडवला, हा निर्णय चुकीचाच होता. नवीन खेळाडूला वाटतं की आपलंच टायमिंग चुकतंय. (त्या स्टॅटने वाढणारी एजिलिटी १०० च्या पुढे न्या, त्याआधी या गेमबद्दल मत बनवू नका.) प्रत्येक मरणागणिक कमाल हेल्थ घटत निम्म्यावर येते. सोल मेमरीमुळे, म्हणजे आजवर कमावलेल्या एकूण सोल्सवरून जोडीदार ठरवण्याच्या पद्धतीमुळे, मित्रासोबत को-ऑप जुळवणं त्रासाचं होतं. अर्दन पीकच्या माथ्यावरून लिफ्टने आणखी वर गेल्यावर लाव्हाने वेढलेला आयर्न कीप कसा लागतो, याचं पटणारं उत्तर गेममध्ये मिळत नाही. चिलखत घातलेले सरसकट सारखे बॉस तर मोजायलाच नकोत.

पण मजूला या दुसऱ्या भागातल्या तळगावाच्या कड्यावर उभे राहा आणि वाटा बघा. फॉरेस्ट ऑफ फॉलन जायंट्स, हाइड्स टॉवर, गावाच्या मधोमध असलेला खड्डा, शिवाय थोडी खटपट करून उघडणारे आणखी दोन रस्ते. चार मोठे सोल (चार बॉस मारून मिळणारे आत्मे) हवे त्या क्रमाने मिळवा. तेही नको असेल, तर पहिल्या फेरीत एकूण दहा लाख सोल्स (शत्रू मारून मिळणारं चलन) कमावल्यावर पुढचा टप्पा उघडणारं श्राइन ऑफ विंटरचं दार तसंच उघडतं. खेळाडूवर इतका विश्वास टाकणारी गोष्ट तिसऱ्या भागात कुठेच नाही. बॉनफायर या विसाव्याच्या शेकोटीत बॉनफायर ॲसेटिक नावाची वस्तू जाळून एकाच इलाख्याची पातळी वाढवायची आणि तिथला बॉस परत उठवायचा, ही कल्पना पुढे टाकून का दिली हे मला कोडंच आहे. दोन हातांत दोन शस्त्रं घेऊन पॉवर स्टान्स इथलाच. न्यू गेम प्लसमध्ये, म्हणजे गेम संपवून सुरू केलेल्या पुढच्या फेरीत, नुसते आकडे वाढत नाहीत, लॉस्ट सिनर या बॉसच्या मदतीला दोन अग्निमांत्रिक येऊन उभे राहतात.

आणि तीन मुकुटांचे डीएलसी, म्हणजे नंतर आलेले जोडभाग. माझ्या मते दुसऱ्या भागाचं खरं मोल इथे आहे. शुल्व्हामध्ये बाण मारून दगडी इमारती वर-खाली करत वाट आपणच तयार करायची. ब्रूम टॉवरमध्ये नादालियाच्या मूर्ती फोडायला स्मेल्टर वेज लागतात आणि ते मोजकेच असतात. वाटेतल्या मूर्तींवर सगळे उधळले, तर फ्यूम नाइटच्या लढाईतल्या मूर्ती त्याची जखम भरत राहतात. म्हणजे बॉसशी लढाई त्याच्या दाराच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. एलियम लॉइसमध्ये बर्फ वितळल्यावर तोच किल्ला नव्याने उलगडतो. तिथे विखुरलेले लॉइसचे शूर सरदार शोधून सोबत घेतले, तर आयव्हरी किंगच्या लढाईत ते एकेक पोर्टल बंद करतात. कमी शोधलेत तर कमी मदत. वाट, निवड आणि लढाई यांची अशी सांगड पहिल्या भागातही क्वचितच आहे.

तिसरा (२०१६) मला आवडत नाही असं अजिबात नाही. इरिथिलचं पहिलं दर्शन, पुलाच्या टोकाशी चांदण्यात न्हालेलं ते शहर, मालिकेतलं सर्वांत देखणं दृश्य आहे. कॅथीड्रल ऑफ द डीप एका बॉनफायरभोवती शॉर्टकट कसे गुंफावेत याचा धडाच आहे. एकमेकांवरच तलवार उगारणारे ॲबिस वॉचर्स, डान्सरची ती लय चुकवणारी चाल, नेमलेस किंग, तीन टप्प्यांची फ्रीडे, आणि गेल. एवढ्या तोडीच्या लढती पहिल्या दोन भागांत मिळून नाहीत. अडचण मधल्या रस्त्याची आहे. क्रूसिफिक्शन वुड्सजवळचा फाटा आणि थोडी लपलेली ठिकाणं सोडली, तर लोथ्रिक एका दोरीत ओवलेलं आहे. एमा या पात्राला मारून डान्सरला अवेळी बोलावता येतं, एवढीच मोठी पळवाट. बॉस अडला की बॉसच उरतो. आणि भावनिक वजन बरंचसं पहिल्या भागातून उसनं आणलंय: पुन्हा ॲनॉर लोंडो, सोल ऑफ सिंडरच्या दुसऱ्या टप्प्यात पुन्हा पहिल्या भागाच्या शेवटच्या बॉसची, ग्विनची, ती पियानोची धून. ती धून ऐकून अंगावर काटा येतो, पण तो काटा पहिल्या भागाने पेरलेला असतो.

म्हणूनच खेळायचा क्रमही हाच ठेवा. पहिल्याची २०१८ ची रीमास्टर्ड आवृत्ती घ्या, ब्लाइटटाउनमध्ये फ्रेम अडकण्याचा जुना त्रास त्यात नाही. दुसऱ्याची २०१५ ची स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन घ्या, तिन्ही डीएलसी आतच आहेत. काही ठिकाणी शत्रूंची गर्दी वाढवली आहे, पण तेच शत्रू ठरावीक वेळा मारले की परत येत नाहीत, त्यामुळे चिवटपणे वाट मोकळी करता येते. डीएलसी मुख्य गेमच्या शेवटच्या लढतीआधी उरका. डीएलसीतले तीन मुकुट आणि राजा व्हेन्ड्रिकचा स्वतःचा मुकुट असे चारही घेऊन त्याच्या स्मृतीत त्याला भेटलात की मुकुट डोक्यावर असेपर्यंत मरणाने हॉलो होणं, म्हणजे हेल्थ घटत जाणं, थांबतं.

तिसऱ्यात मात्र उलट करा: सोल ऑफ सिंडर हा शेवटचा बॉस आधी, द रिंग्ड सिटी हा डीएलसी नंतर. शेवट पाहिल्यावर पुढची फेरी सुरू करायची का असं विचारलं जातं, तेव्हा नाही म्हणा आणि तिथूनच डीएलसीत उतरा. द रिंग्ड सिटीतल्या गेलनंतर तीन भागांत लढण्यासारखं कोणी उरत नाही.