खेळाडू जायबंदी, पगार मात्र हिशेबात

प्रश्न : आम्ही कॉलेजातली मुलं पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघतो. 2025 च्या फायनलमध्ये इंडियानाच्या हॅलिबर्टनचा पाय गेला आणि त्यांचा दहा वर्षांचा जुना सेंटर माइल्स टर्नर लगेच मिलवॉकीला निघून गेला. मित्र म्हणतात, अडचणीत साथ सोडली. खरं काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : साथ सोडली म्हणण्याआधी वही उघडा. 22 जूनला, सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनचा अकिलिस टेंडन (टाचेमागची जाड शीर) तुटला. ही दुखापत वर्ष खाते. म्हणजे 2025-26 चा हंगाम गेलाच. पगार मात्र सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, पूर्ण धरला जातो, मग खेळाडू मैदानात असो वा कुबड्यांवर. टर्नर इंडियानाचाच असल्यामुळे ‘बर्ड राइट्स’खाली, म्हणजे स्वतःच्या जुन्या खेळाडूसाठीच्या सवलतीत, कॅप ओलांडूनही त्याला करार देता आला असता. नियम आडवा आला नाही, आडवी आली ती लक्झरी टॅक्सची रेषा, त्या हंगामात सुमारे 18.8 कोटी डॉलरची; एकूण पगार तिच्यावर गेला की संघाला जादा कर भरावा लागतो. जवळपास वीस वर्षं हा टॅक्स न भरलेल्या मालकाने विजेतेपदाच्या आशेवर कदाचित हात सैल सोडला असता. पण मुख्य खेळाडूच नाही, त्या वर्षासाठी कोण सोडेल? हळदीच्या सौद्यातही व्यापारी आधी गल्ल्यात बघतो, मगच बोली वाढवतो.

गंमत पुढेच आहे. मिलवॉकीकडेही कॅपमध्ये जागा नव्हती; ती झाली दुसऱ्या एका अकिलिसमुळे. एप्रिलमध्ये, इंडियानाविरुद्धच खेळताना, डेमियन लिलार्ड जायबंदी झाला. त्याचे दोन वर्षांचे सुमारे 11.3 कोटी डॉलर देणं बाकी होतं. मिलवॉकीने त्याला मोकळं केलं आणि ‘स्ट्रेच’चा नियम लावला : उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच हप्ते, दरसाल साधारण सव्वादोन कोटी. त्या मोकळ्या जागेत टर्नरचा चार वर्षांचा, 10.8 कोटींच्या आसपासचा करार बसला. आमच्या मते हा महागडा जुगार आहे. न खेळणाऱ्याचा हप्ता 2029-30 पर्यंत डोक्यावर राहणार.

प्रश्न : जायबंदी खेळाडूच्या बदली दुसरा घ्यायला सवलत मिळते ना? मग चांगले फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) का येत नाहीत?
– एक वाचक, कराड

उत्तर : मिळते, पण तोकडी. जायबंदी खेळाडूच्या पगाराच्या निम्मी किंवा मिड-लेव्हल सवलतीएवढी (कॅप ओलांडूनही खेळाडू घेण्यासाठीची ठरावीक रक्कम, 2025-26 मध्ये सुमारे 1.41 कोटी डॉलर), यांतली कमी असेल ती रक्कम. लीगच्या डॉक्टरने हा खेळाडू 15 जूनपर्यंत परतण्याची शक्यता कमी असल्याचं सांगावं लागतं. करार फक्त एका वर्षाचा, संघात जादा जागा नाही आणि टॅक्सही माफ नाही. तीन-चार वर्षांची हमी हवी असलेला खेळाडू असल्या पाहुणचाराला कशाला येईल? बोस्टनचा जेसन टेटम 2025 च्या मे महिन्यात अकिलिस तुटून असाच बसला. त्याचा सहकारी ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनियोला गेला, तिथे चार वर्षांचे सुमारे 4.1 कोटी मिळाले. दुसरा सहकारी अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला. चाळिशीला टेकलेल्याला एक वर्ष थांबणं परवडत नाही. अर्थात टॅक्सची कात्री बोस्टनवर दुखापतीआधीपासूनच होती.

उलटही घडतं. 2019 मध्ये केव्हिन ड्युरंट स्वतःच अकिलिस तुटलेला फ्री एजंट होता. पहिला हंगाम वाया जाणार हे दिसत असूनही ब्रुकलिनने चार वर्षांचे 16.4 कोटी दिले, आणि कायरी अर्व्हिंग त्याच्यासोबतच तिथे गेला. तीन वर्षं शिल्लक राहत होती ना!

पुढच्या उन्हाळ्यासाठी : स्वतःच्या खेळाडूंशी संघ फायनल संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बोलू शकतो, बाहेरच्यांशी 30 जूनच्या संध्याकाळी (न्यूयॉर्कच्या वेळेनुसार) सहापासून. आपल्याकडे तेव्हा 1 जुलैची पहाट, साडेतीन.