सोलापुरात दरवर्षी जॅझ महोत्सव भरवायचा तर महिना, जागा आणि ध्वनिव्यवस्था कशी ठरवावी?

डिसेंबर किंवा फेब्रुवारी. जानेवारीचा मध्य सोडाच. तेव्हाच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपुढे तिकिटं कोण काढणार? उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो आणि पोलीस परवानगी लागते. त्यामुळे पहिल्या वर्षी हुतात्मा स्मृती मंदिरासारखं बंदिस्त नाट्यगृहच बरं.

खरी डोकेदुखी डबल बासची, म्हणजे उभ्यानं वाजवायच्या त्या भल्यामोठ्या खर्जातल्या तंतुवाद्याची. त्याचं पोकळ लाकडी धड मॉनिटरचा (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) खर्ज पकडतं आणि घूं-घूं सुरू होते. आवाज वाढवून ती वाढतेच. बासचा अ‍ॅम्प बाजूला ठेवा, मॉनिटरमधून बास काढा, ४० हर्ट्झखालचं मिक्सरवर कापा, तरीही घुमलं तर जी फ्रिक्वेन्सी घुमते नेमकी तेवढीच मिक्सरवर खाली ओढा. ड्रमला आठ माइक लावायचा आपल्या लग्न-ऑर्केस्ट्रावाल्यांचा हट्ट मोडा. छोट्या सभागृहात किकला (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला) एक आणि सेटच्या वर दोन माइक पुरतात.

ड्रमसेट सगळ्यांना एकच द्या, मात्र स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम), झांजा आणि किकचं पेडल ज्याचं त्यानं आणावं, हे करारातच लिहा. म्हणजे दोन बँडच्या मधल्या बदलाला २० मिनिटं पुरतात. पियानो असेल तर तो रंगमंचावर ठेवून, एसी चालू करून, मगच ‘ए’ सूर ४४० हर्ट्झला धरून ट्यून करून घ्या. आधी केलेलं ट्यूनिंग हलवाहलवीत आणि हवा बदलली की उतरतं.