सर्वे नंबरचा रकाना फ्लोट होतोय : माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं आठवलं. गुहागरकडच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेसाठी तुम्ही पायथनमध्ये प्रोग्राम करताय, यादी एक्सेलमधून येते, आणि कप्प्यातली किंमत इंट (पूर्ण संख्या), फ्लोट (दशांश संख्या) की स्ट्रिंग (मजकूर) हे प्रोग्राम चालू असताना ओळखायचंय. एकाच रकान्यात कुठे फ्लोट येतं, कुठे स्ट्रिंग, आणि 'विमा काढला का' मधलं ट्रू पेट्यांच्या बेरजेत शिरतंय. मी राजापूरकडे असल्याच याद्यांवर काम करतो. (मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कोड न देता नावं उच्चाराप्रमाणे देतो.)

ट्रूचं कोडं सोपं आहे. पायथनमध्ये बूल (ट्रू-फॉल्सचा प्रकार) हा इंटचाच उपवर्ग आहे, पार २.३ पासून. म्हणून इझइन्स्टन्स या प्रकार तपासणाऱ्या फंक्शनला 'ट्रू हा इंट आहे का' विचारलं की तो हो म्हणतो आणि बेरजेत १ वाढतो. आधी बूल बाजूला काढा, मग पुढचं बघा. टाइप थेट इंटशी ताडून पाहिलात तर बूल अडेल, पण नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा इंट६४ सुद्धा अडेल, कारण तो पायथनच्या इंटचा वारसदार नाही. गंमत म्हणजे नमपायचा फ्लोट६४ मात्र पायथनच्या फ्लोटचाच उपवर्ग आहे, त्यामुळे इझइन्स्टन्सची तपासणी अर्ध्या रकान्यांवर चालते आणि अर्ध्यांवर नाही. नंबर्स मोड्यूलमधला रिअल वापरला तर दोन्ही पकडले जातात. फक्त डेसिमल (अचूक दशांशाचा प्रकार) त्यात बसत नाही. पैशांसाठी डेसिमल वापरत असाल (वापराच) तर त्याची वेगळी अट घाला.

स्ट्रिंगमध्ये आकडेच आहेत का हे बघायला इझडिजिट वापरताय, ते काढून टाका. उणे चिन्ह आणि दशांश चिन्ह दिसलं की ते नाही म्हणतं, आणि वर्गाचा छोटा वर लिहिलेला दोन दिसला तर हो म्हणतं, ज्यावर पुढे इंट आपटतं. ट्राय करून फ्लोटमध्ये बदलणं त्यापेक्षा बरं. पण 'नॅन' (संख्या नाही) आणि 'इन्फ' (अनंत) या इंग्रजी अक्षरांतल्या स्ट्रिंगाही फ्लोट आनंदाने घेतो, तेव्हा मागून मॅथचं इझफायनाइट लावा. देवनागरी आकड्यांचं भय नको, इंट आणि फ्लोट दोन्ही ते वाचतात. मात्र स्ट्रिंग म्हणून देवनागरी ४५ आणि इंग्रजी ४५ वेगळे पडतात, जुळवाजुळव करण्याआधी सगळे एका लिपीत आणा.

आता मुद्द्याचं. तुमच्या नमुन्यातला सर्वे नंबरचा रकाना बघूनच मी लिहायला बसलो.

आमच्याकडे एका कार्यालयातून खातेदारांची यादी यायची. सातबारावर ४५/१० असलेला गट तिथे टायपिंग करणाऱ्याने ४५.१० असा टाकलेला. एक्सेलने ती संख्या समजून ४५.१ साठवली. आपल्याकडे एका सर्वे नंबरचे किती हिस्से पडतात हे सांगायला नको. हिस्सा १ एका भावाचा, हिस्सा १० चुलत्याचा, आणि यादीत दोघेही ४५.१. माझा प्रोग्राम फाइल उघडायच्या आधीच शून्य गेलेलं होतं. तिथे टाइप कितीही अचूक ओळखा, फ्लोट आहे असंच उत्तर येणार आणि ते खरंच असणार.

कार्यालयात सांगायला गेलो. समोरच्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे काय, ४५.१० दिसतंय ना?" दिसत होतं, कारण रकान्याला दोन दशांश स्थळांचं फॉरमॅट लावलेलं. वरच्या ओळीतला हिस्सा १ सुद्धा ४५.१० दिसत होता, हिस्सा २ हा २० झाला होता. तेही बोट ठेवून दाखवलं. तर म्हणे, "आमच्याकडून फाइल बरोबर गेलीय, तुमच्या प्रोग्रामात बघा." लेखी द्या म्हटलं तर अर्ज करा, अर्ज केला तर टेबल बदललेलं. गणपतीला चाकरमानी आले, यादीत आपला हिस्सा चुलत्याच्या नावापुढे बघितला, आणि ऐन आरतीच्या दिवसांत भाऊबंदकी पेटली. शिव्या कोणाला पडल्या हे सांगायला नको. शेवटी कागदी नोंदवही आणि महाभूलेखवरचे सातबारे समोर ठेवून एकेक गट हाताने जुळवला. त्या कार्यालयाची यादी आजही तशीच येते असं ऐकतो.

१२/३ असं तिरक्या रेषेने टाकलं तर आणखी मजा. आपल्या तारखेच्या सेटिंगवर एक्सेल त्याचा १२ मार्च करतं, आणि एक्सेल फाइल वाचणारं ओपनपायएक्सेल तुम्हाला डेटटाइम (तारखेचा प्रकार) देतं. फॉरमॅट जनरल केलं की ४५३६३ सारखा आकडा उरतो (एक्सेल तारखा दिवस मोजून साठवतं, त्यात हा २०२४ सालचा १२ मार्च). हे फक्त आपलंच रडगाणं नाही. मार्च१, सेप्ट१ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांची तारीख होत होती म्हणून जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली.

क्षेत्राच्या रकान्यात तुम्हाला कधी फ्लोट, कधी स्ट्रिंग का मिळतंय तेही यातच आहे. ०.१२ म्हणजे बारा आर, एकच टिंब, म्हणून संख्या. ०.१२.५० मध्ये हेक्टर, आर आणि चौरस मीटर, दोन टिंबं, म्हणून स्ट्रिंग. दोन्ही क्षेत्रंच. आणि इथे ०.१० चं ०.१ झालं तरी बिघडत नाही, दहा आर ते दहा आरच. तेव्हा तपासणी प्रत्येक किमतीवर नको, रकान्यावर ठेवा : पेट्या इंट, क्षेत्र डेसिमल (टिंबांवर तोडून), सर्वे नंबर, खाते क्रमांक, मोबाइल, आधार कायम स्ट्रिंग. ज्याची बेरीज करणार नाही ते संख्या म्हणून वाचूच नका, असं माझं ठाम मत आहे. काहींना हा हट्ट वाटेल, वाटू दे.

पांडाज (तक्ते हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर वाचतानाच डीटाइप, म्हणजे रकान्याचा प्रकार, स्ट्रिंग द्या. हे सीएसव्हीवर (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फाइलवर) नीट चालतं. एक्सेल फाइलमध्ये शून्य आधीच गेलं असेल तर स्ट्रिंग मागूनही '४५.१'च मिळेल. आणि सीएसव्ही डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की पुन्हा तेच. बघायचीच असेल तर लिब्रेऑफिसमध्ये उघडा, तो आधी विचारतो, तिथे रकाना 'टेक्स्ट' करा. पेट्यांचं २४ जर २४.० होत असेल तर त्या रकान्यात कुठेतरी रिकामा कप्पा आहे, त्याच्यामुळे पांडाज अख्खा रकाना फ्लोट करतो. पांडाजचा मोठ्या आय चा इंट६४ घेतला तर ते थांबतं, त्याला रिकामे कप्पे चालतात.

मी शिकलेला इंजिनिअर नाही, तुमच्या आवृत्तीवर एकदा चालवून बघा. आणि यादी नेमकी कोणत्या स्वरूपात हाती येते तेवढं कळवा, त्यातल्या दोन-चार ओळी टाका, खातेदारांची नावं झाकून.