वेल्डरचा निदेशक सौदीला निघाला तर

सावद्याच्या एका भावाने विचारलंय: वेल्डर ट्रेडची आयटीआय झाली, सीआयटीएस म्हणजे निदेशकाचं प्रशिक्षणही केलं, सध्या तासिका तत्त्वावर निदेशक आहे, पैसे कधी येतील भरवसा नाही. सौदीत जुबेलला पाइप वेल्डरचं काम मिळतंय. जाऊ, की जर्मनीसाठी थांबू? आणि शेवटी हळूच एक ओळ: मी गेलो तर माझ्या वीस पोरांना कोण शिकवेल?

तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करतो. मी भुसावळचा. दीपनगरच्या वीज केंद्रात अप्रेंटिसशिप, मग अकरा वर्षं आखातात.

जर्मनीचं लवकर संपवतो. 2024 पासून तिथे अनुभवावर व्हिसा मिळतो, पण आपल्याकडचं सरकारमान्य शिक्षण किमान दोन वर्षांचं हवं. फिटर, इलेक्ट्रिशियन बसतात. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, तो बसत नाही. सीआयटीएसचं वर्ष त्यात धरतील या भरवशावर राहू नकोस. दुसरा रस्ता आउसबिल्डुंगचा, म्हणजे तिथल्या अप्रेंटिसशिपचा: आधी जर्मन भाषा बी1 पातळीपर्यंत, मग साडेतीन वर्षं कंपनीत काम आणि शाळा, स्टायपेंडवर. वय आणि घरची गरज बघून ठरव.

सौदीसाठी वेल्डरला व्हिसाआधी इथेच कौशल्य परीक्षा द्यावी लागते. नोंदणीकृत एजंट तीस हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. जास्त मागितले तर तिथूनच राम राम. तू दहावी पास, पासपोर्टवर ईसीआरचा (बाहेर जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा) शिक्का नसेल, म्हणून त्या क्लिअरन्सची सक्ती नाही. तरी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद कर आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा तुला मिळतो का ते विचार. दहा लाखांचं कवच आहे, हप्ता काही शे रुपयांचा.

आता तुझी ती शेवटची ओळ. मला तीच खरी वाटली.

आयटीआयत आपण 6013 चा साधा रॉड घेऊन टेबलावरची लोखंडी (एमएस) प्लेट जोडतो. आखातातल्या टेस्टला पाइप 45 अंशांत पक्का बांधलेला असतो, फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. अर्गन गॅसच्या टॉर्चने रूट, म्हणजे सांध्याचा पहिला थर, वर 7018 चा रॉड, तोही ओव्हनमधून काढलेला, आणि मग सांध्याचा एक्स-रे. या जोडणीला 6जी म्हणतात. ती मला आयटीआयत कुणी दाखवलं नाही, कारण ज्यांना येत होतं ते सगळे आखातात. मला ती दीपनगरला कुवेतहून परतलेल्या एका फोरमनने शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, पाइपच्या उरलेल्या तुकड्यांवर. त्या माणसाला निदेशक म्हणून कुणी घेतलं नसतं; त्याच्याकडे सीआयटीएस नव्हतं. ज्याच्याकडे कागद त्याचा हात पाइपवर बसलेला नाही, ज्याचा हात बसलाय त्याच्याकडे कागद नाही. तुझ्याकडे कागद आहे.

दुसरं बघ. जळगाव एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. अप्रेंटिस घेतो, पण ग्राइंडर धरायला. अर्गनची टॉर्च देत नाही. म्हणतो, ‘गॅस माझा जाळायचा, आणि हात बसला की पोरगं मुंबईला ट्रेड टेस्ट देऊन गायब.’ त्याचंही खोटं नाही. पण सगळ्यांनी असंच ठरवलं तर शिकायला उरतात ते पैसे भरून करायचे 6जीचे क्लास. तिथे फक्त टेस्ट पीस घोटून घेतात. असं पोरगं टेस्ट पास होतं आणि साइटवर फिटरने दोन पाइपांमधला गॅप जरा जास्त ठेवला की घामाघूम. मी असे परत पाठवलेले पाहिलेत.

बरं, आखात नसतं तर वेल्डरची तुकडी भरली असती का, हाही प्रश्न आहे. रावेर-यावलची किती पोरं केळीचा ट्रक भरणं सोडून आयटीआयला आली, ती ‘बाहेर’ जायच्या आशेनेच ना? तेव्हा तू जाणं म्हणजे पोरांना दगा देणं, असं मी म्हणणार नाही.

जा, पण दोन वर्षांनी परत येऊन शिकवायचं, हे डोक्यात धरून जा. तिथे कुणी शिकवत नाही, संध्याकाळी इंच-डाया, म्हणजे दिवसभरात किती इंचांचे सांधे मारले, तेवढं मोजतात. वर्षानुवर्षं कार्बन स्टीलचे रूट मारत राहिलो आणि आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे पाइपलाइनचा नकाशा, वाचायला मी सातव्या वर्षी शिकलो, हा माझा गाढवपणा. तू पहिल्या महिन्यापासून फिटरच्या मागे लाग. तुझ्या टेस्टच्या सगळ्या कागदांच्या प्रती ठेव. वेल्डिंगची एखादी पद्धत सहा महिने हातात नसली तर तिची पात्रता संपते, मग परत टेस्ट. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला तिथे बंदी आहे, फोरमन काहीही म्हणो.

आणि निघण्याआधीच्या महिन्यात त्या वीसांपैकी ज्यांचा हात बरा आहे त्या चार-पाच जणांना भंगारातून पाइपचे तुकडे आणून 45 अंशांत बांधून दे. अर्गन नसलं तरी चालेल, रॉडनेच मारू दे. अंग कसं वळवायचं ते तरी कळेल.

ऑफर लेटर आलं की नावगाव झाकून फोटो पाठव. ओव्हरटाइम आणि जेवणाची कलमं वाचून सांगतो.