चेस्टवाल्यांकडे पेशंट पाठवताना
अरे, नवीन क्लिनिक टाकलंयस तर एक ऐक, दम्याचा नाहीतर सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) पेशंट चेस्टवाल्यांकडे, म्हणजे छातीच्या डॉक्टरांकडे, पाठवताना चिठ्ठीत नुसतं 'कृपया तपासावे' नको, कुठला पंप (इनहेलर) चालू आहे, वर्षात स्टेरॉइडच्या गोळ्या किती वेळा द्याव्या लागल्या, टीबी होऊन गेलाय का, सगळं लिही. बायकांना चुलीच्या धुराचं विचारच, बिडी न ओढताही सीओपीडी होतो. आणि स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीचा, रिपोर्ट मागून घे, पंप दिल्यानंतरचा रेशो (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा भागिले एकूण सोडलेली हवा) ०.७० च्या खाली आहे का बघ, नुसत्या एक्सरेवर सीओपीडी ठरवू नकोस. पेशंट परत आला की पंप तुझ्यासमोर ओढायला लाव, ते तिकडे कधीतरी जातात पण तुझ्याकडे दर सर्दी-खोकल्याला येतात. बरं वाटतंय म्हणून चेस्टवाल्यांनी दिलेला पंप परस्पर बंद करायचा नाही हां, आधी त्यांना फोन लाव.