विंडोज फॉर्म्सचा (विंडोजवरच्या प्रोग्रामच्या खिडक्या बनवायचं डॉटनेटचं साधन) फॉर्म, म्हणजे खिडकी, माझ्या कॉम्प्युटरवर नीट दिसतो, दुसऱ्यावर बटणं कापली जातात. काय करू?
फॉर्म आणि त्यातला प्रत्येक यूजर कंट्रोल (बटणं, टेक्स्टबॉक्स असे कंट्रोल्स एकत्र करून आपण बनवलेला भाग), सगळीकडे ऑटोस्केलमोड (मापं कशाच्या प्रमाणात बदलायची ते सांगणारी सेटिंग) एकच ठेवा (डीफॉल्ट ‘फॉन्ट’ चालेल, ‘नन’ नको) आणि कंट्रोल्स पिक्सेल मोजून न ठेवता टेबललेआउटपॅनलमध्ये (ओळी-कॉलमची चौकट) बसवा. घोळ बहुतेक वेळा रिझोल्यूशनचा नसतो, स्केलिंगचा (विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधली अक्षरं-चित्रं मोठी करायची टक्केवारी) असतो: १०० टक्क्यांना विंडोज ९६ डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) धरतं, १२५ ला १२० आणि १५० ला १४४. अक्षरं मोठी होतात, पण ७५ पिक्सेलचं बटण तेवढंच राहिलं की ‘माहिती जतन करा’मधलं ‘करा’ गायब! म्हणून लेबल-बटणांना ऑटोसाइझ (मजकुराप्रमाणे आपोआप आकार) द्या, टेक्स्टबॉक्सचा कॉलम टक्क्यांत ठेवा. आणि कृपा करून डिझायनर (फॉर्म आखायची व्हिज्युअल स्टुडिओतली खिडकी) १०० टक्क्यांवरच उघडा. टीममधल्या एकानंही १५० वर फॉर्म उघडून सेव्ह केला, तर डिझायनर फाइलमधली मापं बदलतात आणि मग चूक शोधताना नाकी नऊ येतात.

मात्र वेगवेगळ्या स्केलिंगचे दोन मॉनिटर जोडलेले असतील, तर एवढं पुरत नाही. तिथे पर-मॉनिटर व्ही२ (प्रत्येक मॉनिटरच्या स्केलिंगप्रमाणे फॉर्म जुळवून घेणारी सोय) चालू करा. त्याला डॉटनेट फ्रेमवर्क ४.७ आणि विंडोज १० ची १७०३ किंवा पुढची आवृत्ती लागते.